अर्थशास्त्राच्या तासाला कोडी कशाला?

पालकसभेत हा प्रश्न हटकून येतो. ‘मॅडम, पोरं म्हणतात तुम्ही तासाला कोडी घालता. मग अर्थशास्त्र शिकवता कधी?’ लग्नाकार्यात नातेवाईकही हेच विचारतात, फक्त हसत हसत. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी इचलकरंजीजवळ अकरावी-बारावी कॉमर्सला शिकवते. आमच्या पोरांना बेरीज-वजाबाकी चांगली येते. कशात काय मिळवायचं आणि कशातून काय वजा करायचं, इथं मात्र गाडी अडते, आणि ते कोड्याइतकं चटकन दुसऱ्या कशानं उघडं पडत नाही.

लॉजचं जुनं कोडं तुम्हाला माहीत असेल. तिघं प्रवासी प्रत्येकी १०० रुपये देऊन खोली घेतात. मॅनेजरच्या लक्षात येतं की भाडं २५० च आहे. तो पोऱ्याकडे ५० रुपये परत पाठवतो. पोऱ्या २० स्वतःच्या खिशात घालतो आणि तिघांना दहा-दहा देतो. म्हणजे प्रत्येकाला खोली ९० ला पडली, तिघांचे झाले २७०. पोऱ्याकडचे २० धरून २९०. वरचे दहा गेले कुठं?

दरवर्षी कुणीतरी ‘मॅनेजरनं हाणले’ म्हणतंच. खरं तर गेलं काहीच नाही. प्रवाशांच्या खिशातून निघाले २७०. त्यातले २५० गल्ल्यात, २० पोऱ्याकडे. हे २० त्या २७० च्या पोटातलेच आहेत. ते त्यात पुन्हा मिळवले की भूत उभं राहतं.

हे पटलं की फळा न पुसता शेजारी लिहिते: कापूस १०० रुपये, त्याचं सूत १६०, सुताचं कापड २५०, कापडाचा शर्ट ४००. देशाच्या उत्पन्नात किती धरायचे? पाच मिनिटांपूर्वी पोऱ्याला पकडलेली पोरंसुद्धा ९१० म्हणतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, ‘मॅडम, सूत कापडाच्या पोटात आहे की!’ बरोबर. धरायचे ४००. प्रत्येक टप्प्यावर भर पडलेली रक्कम घेतली, १०० अधिक ६० अधिक ९० अधिक १५०, तरी ४०० च येतात. पुस्तकात यालाच मूल्यवर्धन म्हणतात, आणि ९१० ला दुहेरी गणनेची चूक.

खर्चीवाल्यांच्या घरची पोरं इथं सगळ्यांच्या पुढं असतात. बाहेरच्यांसाठी सांगते: खर्चीवाला म्हणजे माग स्वतःचा, पण सूत व्यापाऱ्याचं आणि विणलेलं कापडही व्यापाऱ्याचंच. त्याला मिळते ती मजुरी. एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आमच्या पप्पांचं बिलच मूल्यवर्धनाचं असतंय.’ जवळपास तसंच. त्यातून सुट्या भागांचा न् तेलपाण्याचा खर्च वजा कर, एवढंच मी सांगितलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्यात आधीच्या टप्प्यावर भरलेला कर वजा का मिळतो, हे तिला वेगळं समजवावं लागलं नाही.

दुसरं कोडं अमेरिकेतलं. गायक एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच रात्री दुसरा गायक बॉब डिलनचा कार्यक्रम आहे, तिकीट ४० डॉलर. डिलनसाठी तुम्ही एरवी ५० डॉलरपर्यंत मोजायला तयार असता. मग क्लॅप्टनला जाण्याचा संधी खर्च, म्हणजे त्यासाठी जे सोडावं लागलं त्याची किंमत, किती? पर्याय शून्य, १०, ४० आणि ५०. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी हे २००५ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात १९९ जणांपुढं ठेवलं. त्यांनी बरोबर धरलेलं उत्तर १० आहे, कारण डिलन सोडताना ५० ची मजा जाते, पण ४० खिशात राहतात. हे उत्तर देणारे निघाले २१.६ टक्के. डोळे मिटून टिचकी मारली असती तरी २५ टक्के आले असते! प्रश्नच संदिग्ध आहे, अशी हरकतही नंतर घेतली गेली आणि ती अगदीच पोकळ नाही. मला ते वर्गात आवडतं, कारण त्यानंतर मी विचारते, ‘ज्यांच्या मागाचा गाळा स्वतःचा आहे, त्यांच्या घरी गाळ्याचं भाडं किती धरतात?’ सगळे म्हणतात, शून्य. मग विचारते, ‘गाळा दुसऱ्याला दिला असता तर?’ वर्ग गप्प होतो. काहीजण घरी जाऊन वडिलांना विचारतात आणि शिव्या खातात.

तिसरं, मानसशास्त्रज्ञ पीटर वॉसन यांचं चार पत्त्यांचं कोडं, १९६६ चं. मूळ कोड्यात पत्त्यांवर अक्षरं आणि आकडे असतात. मी ते आमच्याकडच्या दाव्यावर बेतते: ‘वीजदर वाढले की माग बंद पडतात.’ चार गावांच्या चार चिठ्ठ्या, एका बाजूला दराचं, दुसऱ्या बाजूला मागाचं. समोर दिसतं: दर वाढले, दर वाढले नाहीत, माग बंद, माग चालू. दावा तपासायला कुठल्या चिठ्ठ्या उलटायच्या? पोरं ‘दर वाढले’ आणि ‘माग बंद’ उचलतात. पहिली बरोबर, पण ‘माग बंद’च्या जागी उलटायला हवी ती ‘माग चालू’, कारण दर वाढूनही माग चालू असतील तर दावा पडला. चालू मागांकडे कुणी बघायलाच जात नाही. मोर्चात नाही, अग्रलेखात नाही.

पण याच कोड्यानं माझा कोड्यांवरचा भरवसाही कमी केला. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी तोच तर्क ‘बिअर पिणारा १९ वर्षांच्या वर हवा’ या नियमात बसवला, तर चारांतल्या जवळजवळ तिघांना तो जमला. म्हणजे अक्षर-आकड्यांत अडणारी माणसं ओळखीच्या प्रसंगात अडत नाहीत. आणि शर्टाला ९१० म्हणणारी माझी पोरं दाखवतात की एका प्रसंगात शिकलेलं दुसऱ्यात आपोआप जात नाही. म्हणून प्रत्येक कोड्यानंतर मी घरचा एक व्यवहार लिहून आणायला लावते. तो वाचायचा, त्यावर भांडायचं, यात तास जातो. पोर्शन मागं पडतो आणि जानेवारीत सकाळी सातला जादा तास घ्यावे लागतात. त्याबद्दल तक्रार असेल तर ती रास्त आहे.