खालच्या पायरीवरची शेव्हरोले

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवरून कुठे वेळेवर पोहोचायचं असेल तर तो बेत सोडून द्यावा. डेट्रॉईटच्या या रस्त्यावर 1995पासून जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ'. फर्नडेलपासून पाँटियाक गावापर्यंत गाड्या मुंगीच्या चालीने पुढे सरकतात आणि लोक सकाळपासूनच घडीच्या खुर्च्या टाकून कडेला बसलेले असतात, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर जागा धरून बसावं तसे.

त्या गर्दीत माझी नजर शेव्हरोले शोधत असते. जुन्या हिंदी सिनेमांमुळे आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय: लांबलचक अमेरिकन गाडी पोर्चमध्ये थांबणार आणि तिच्यातून शेठजी नाहीतर खलनायक उतरणार. इथे मात्र शेव्हरोले शेठजींची कधीच नव्हती. शेव्हरोले ज्या जनरल मोटर्सची, तिचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने ब्रँडची उतरंडच लावली होती. सगळ्यात खाली शेव्हरोले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि वर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने एक पायरी चढायची. शेव्हरोले घ्यायचे ते शिक्षक, पोस्टमन, नाहीतर कारखान्यातला फिटर. हे कळल्यापासून मला या गाड्या वेगळ्याच दिसायला लागल्या. कारण एवढा थाट केला होता तो सगळ्यात खालच्या पायरीवर!

खरं तर सुरुवात तशी नव्हती. लुई शेव्हरोले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, शर्यतीत गाड्या पळवणारा माणूस. विल्यम ड्युरंटने जनरल मोटर्स उभी केली होती, पण 1910 मध्ये ती त्याच्या हातून गेली. 1911 मध्ये या दोघांनी मिळून नवी कंपनी काढली. त्यांची पहिली गाडी दोन हजार डॉलरच्याही वरची होती. लुईला दणकट, वेगवान गाडी हवी होती आणि ड्युरंटला स्वस्त. पटलं नाही, लुई बाहेर पडला, नाव मात्र मागेच राहिलं. ड्युरंटने मग फोर्डच्या मॉडेल टीशी टक्कर द्यायला '490' आणली, किंमतही 490 डॉलर. ती इतकी चालली की शेव्हरोलेच्या जोरावर त्याने 1916 मध्ये जनरल मोटर्सच परत ताब्यात घेतली.

आपल्याकडचा संबंधही जुना आहे. 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, तो 1954 मध्ये बंद झाला. डेट्रॉईटच्या कामगाराची गाडी मुंबईत उतरली की साहेबांची व्हायची, सिनेमातला शेठजी तिथूनच आला.

कामगाराला ही गाडी परवडली ती आपोआप नाही. इथून तासाभरावर फ्लिंट आहे, शेव्हरोलेचं जुनं गाव. 1936च्या डिसेंबरअखेर तिथल्या कामगारांनी कारखान्याच्या आतच ठाण मांडलं. फेब्रुवारीत त्यांनी शेव्हरोलेचा इंजिनांचा चार नंबरचा कारखाना ताब्यात घेतला आणि एकूण 44 दिवसांच्या संपानंतर कंपनीने युनियनला मान्यता दिली. पुढच्या काळात पगार वाढत गेले, म्हणून पन्नाशीच्या दशकात गाडी बनवणाऱ्याच्याच दारात ती गाडी उभी राहिली.

आणि ती गाडी म्हणजे बेल एअर. 1955, 56, 57 या तीन वर्षांवर इथली म्हातारी मंडळी तासन् तास बोलतात. 55च्या गाडीत एड कोलच्या हाताखाली तयार झालेलं नवं व्ही-एट इंजिन आलं, 4.3 लिटरचं, हलकं आणि जोरकस. त्याच घराण्याची दहा कोटींहून जास्त इंजिनं पुढे निघाली. जनरल मोटर्सची पाच कोटीवी गाडी नोव्हेंबर 1954 मध्ये फ्लिंटमधून बाहेर पडली, तीही कॅडिलॅक नव्हे, 55ची बेल एअर, सोनेरी रंगात.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे 57ची आहे, फिक्या निळ्या रंगाची. मुलं जमली की ते विचारतात, "पेट्रोल कुठून भरायचं, शोधा." मुलं गाडीला तीन प्रदक्षिणा घालतात. गाडीच्या मागच्या टोकाला माशाच्या परासारखे दोन पत्रे वर आलेले असतात, झाकण असतं त्यातल्या डाव्या पराच्या मागच्या क्रोमच्या पट्टीत लपवलेलं. आजोबांना हा खेळ कधी जुना वाटत नाही. आत बसलं की मात्र पोटात गोळा येतो. पट्टे नाहीत, समोर नुसता लोखंडी डॅशबोर्ड आणि छातीवर रोखलेला स्टेअरिंगचा दांडा.

तरी माझं मन 59च्या इम्पालावर. त्या वर्षी मागचे पर उभे न ठेवता आडवे पसरले, घारीच्या पंखांसारखे, आणि त्यांच्याखाली मांजरीच्या डोळ्यांचे लाल दिवे. लांबी सव्वापाच मीटरच्या वर! कशासाठी? कशासाठीच नाही. सुंदर म्हणावी की विचित्र, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. इम्पालाचा धंदा मात्र तुफान होता, 1965 मध्ये एका वर्षात दहा लाखांहून जास्त खपल्या.

कॉर्व्हेर दिसली की मी थांबतेच. 1960 मध्ये शेव्हरोलेने धाडस केलं: इंजिन मागे, तेही हवेवर थंड होणारं. छोटी, नेटकी गाडी. पण मागच्या चाकांची रचना अशी की पुढच्या टायरमध्ये हवा बरीच कमी ठेवली तरच वळणावर ताबा राहायचा, आणि टायरची हवा कोण रोज बघतं? पुढच्या चाकांना गाडी कलू न देणारा एक दांडा लावला असता तर बरंच भागलं असतं, तो खर्च वाचवायला गाळला आणि 1964 मध्ये लावला. 1965 मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने पुस्तक लिहून वाहन कंपन्यांचे वाभाडे काढले, त्याचं पहिलं प्रकरण कॉर्व्हेरवर. कंपनीने त्याच्यामागे गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं, आणि 1966 मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटसमोर माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा कायदा झाला. गंमत म्हणजे 1972 मध्ये सरकारी अहवालाने सांगितलं की कॉर्व्हेर तिच्या काळातल्या इतर गाड्यांहून वाईट नव्हती. पण ती 1969 मध्येच बंद पडली होती.

कॅमेरो आणि शेव्हेलबद्दल माझ्याकडून फार अपेक्षा नको. त्या आवाजाचे भक्त वेगळे असतात, 1970च्या शेव्हेलचं साडेचारशे अश्वशक्तीचं इंजिन सुरू झालं की मी कानांवर हात ठेवते. पुढे 1973चं तेलसंकट आलं, गाड्या आखडल्या. सत्तरच्या दशकातली व्हेगा वुडवर्डवर क्वचितच दिसते, तिला गंजाने खाल्लं.

तळेगावच्या कारखान्यातून निघालेली बीट तुमच्यापैकी काहींनी चालवली असेल. 2017 अखेर शेव्हरोलेने भारतातली विक्री बंद केली. 2020च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं, आता तो कारखाना ह्युंदाईकडे गेलाय. इथेही चित्र बदललंय. 2023च्या अखेरीला कॅमेरो संपली, 2024 मध्ये मालिबू, आणि शेव्हरोलेच्या यादीत एकही सेडान उरली नाही. एसयूव्ही आणि पिकअप भरपूर आहेत. त्यांच्याशेजारी कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स गाडी, पहिल्या वर्षी, 1953 मध्ये, फक्त 300 बनवल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या. आता ती घ्यायची तर सत्तर हजार डॉलरच्या आसपास तरी मोजावे लागतात. आजोबा म्हणाले, "हे काय फिटरचं काम नाही."

ऑगस्टमध्ये या बाजूला येणं झालं तर शनिवारचा हट्ट धरू नका. आधीच्या आठवडाभर संध्याकाळी वुडवर्डवरच्याच रॉयल ओक, बर्मिंगहॅम या गावांच्या बाजूला गाड्या फिरतच असतात आणि पार्किंगही मिळतं. बोनेट उघडं दिसलं की मालकाशी बिनधास्त बोला, तो त्यासाठीच बसलेला असतो. पत्र्याला मात्र हात लावू नका.