आठवीनंतर मुलं कुठे जाणार? हायस्कूलसाठी घरोघर फिरतानाचा माझा अनुभव

बडोद्यात वाघोडिया रोडच्या आमच्या भागात कॅथलिक सिस्टर्सची (धर्मभगिनींची) शाळा आठवीला संपते. गुजरातेत नववीपासून माध्यमिक, आणि शिक्षणहक्क कायद्याचा आधारही चौदाव्या वर्षापर्यंतच. त्यामुळे आठवीची परीक्षा जवळ आली की आमच्याकडे आईबापांची धावपळ सुरू होते. फतेगंजचं कॉन्व्हेंट, प्रतापगंजची रोझरी, मकरपुऱ्याचं डॉन बॉस्को ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. पण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि कुठल्याही शाळेत नववीच्या जागांवर पहिला हक्क तिथल्याच आठवीच्या मुलांचा.

आपल्या भागात एक कॅथलिक हायस्कूल हवं, हे बोलणं रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) चर्चच्या आवारात कितीतरी वर्षं चालू होतं. शेवटी आमचे फादर म्हणाले, "बोलता ते कागदावर आणा. मुलं किती, कितवीत, कुठून येणार. बिशपसाहेबांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?"

बिशपांकडे जाणं भागच होतं. चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेत, कलम ८०३ आहे: धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेला 'कॅथलिक' हे नाव लावता येत नाही. शिवाय बडोदा धर्मप्रांत, म्हणजे आमच्या बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, १९६६ साली मुंबईपासून वेगळा झाला तेव्हापासून त्याचं मोठं काम आदिवासी गावांत आहे. तिथली वसतिगृहं सोडून शहरातल्या आमच्या मुलांसाठी पैसा मागायचा, तर गरज दाखवता आली पाहिजे. मला हे पटतं.

घरोघर जाऊन भरून घ्यायचा फॉर्म करायला आम्ही काही पालक बसलो. 'कॅथलिक हायस्कूल व्हावं असं वाटतं का?' हा प्रश्न आम्ही घेतलाच नाही. त्याला नाही कोण म्हणणार? त्याऐवजी विचारलं: मूल आत्ता कितवीत आहे, त्याची शाळा कितवीपर्यंत आहे, माध्यम कोणतं हवं, वर्षाला फी किती झेपेल. आणि सगळ्यात शेवटी: शाळेचा एकही बोर्डाचा निकाल लागलेला नसताना, पहिल्याच वर्षी, तुम्ही तुमचं मूल इथे घालाल का?

या शेवटच्या प्रश्नाशी लोक थांबायचे. चहाचा कप खाली ठेवून नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे. काहींनी सरळ सांगितलं, "दोन बॅच निघू देत, मग बघू." मी तसंच लिहून घेतलं. मला ते उत्तर गोड होकारापेक्षा जास्त कामाचं वाटलं.

आमच्यातल्या एका शिक्षिकेने आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात आणून दिली. नववी-दहावी म्हणजे बोर्डाची तयारी. ज्याची शाळा दहावीपर्यंत आहे तो बाप मधेच मूल हलवत नाही. म्हणजे खरी मागणी दोनच ठिकाणी: ज्यांची शाळा आठवीला संपते त्यांच्याकडे, आणि ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्याकडे. परवानगी, जागा, इमारत, शिक्षक हे सगळं होईपर्यंत आजचा सातवीतला मुलगा कॉलेजात जाईल. म्हणून आम्ही तिसरी-चौथीच्या पालकांकडे आधी गेलो. तरीही सगळ्यात मनापासून फिरले ते आठवीतल्या मुलांचेच आईबाप. त्यांच्या मुलांना या शाळेचा काडीचा उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

फीच्या रकान्यासाठी आम्हाला एक आकडा हाताशी होता. गुजरातच्या २०१७ च्या फी नियमन कायद्याने माध्यमिकसाठी वर्षाला २५,००० रुपयांची मर्यादा घातली. त्याहून जास्त घ्यायची तर समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. तेवढी फी पुष्कळांनी मान्य केली. नगर जिल्ह्यातून आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी मात्र कपाटातून मुलीचं प्रगतिपुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. गणितात वर्गात पहिली. "वहिनी, फी हप्त्याने भरीन, पण व्हॅनचे पैसे वेगळे लागतील ना? आणि अकरावीला सायन्स मिळेल का?" त्यांचे दोन्ही प्रश्न मी फॉर्मच्या मागे लिहिले, आणि पुढच्या घरांपासून तेही विचारायला लागले.

माध्यमावरून मतं खरोखर वेगळी पडली. चरोतरकडच्या (आणंद-खेडा भागातल्या) गुजराती कॅथलिक घरांतल्या काही वडीलधाऱ्यांना गुजराती माध्यम हवं होतं. मल्याळी, गोवेकर आणि आम्ही मराठी बहुतेक इंग्रजीच्या बाजूचे. मराठी माध्यम कुणीच मागितलं नाही. याच गावात सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यभर लागू केलं, तेव्हा मराठी शाळांचा केवढा मान होता! मला वाईट वाटलं, पण जे ऐकलं तेच अहवालात गेलं.

ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांकडे जावं की नाही, यावर आमच्यात चर्चा झाली. मी म्हटलं, जायलाच हवं. बडोद्याच्या कॅथलिक शाळांत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीतच. घटनेच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपली शाळा काढून चालवण्याचा हक्क दिला आहे, पण वर्ग भरतात ते सगळ्यांच्या मुलांनी. आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकू स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. त्यांनी नातवाचा फॉर्म भरला आणि शेजारच्या बिल्डिंगमधले फॉर्म स्वतः गोळा करून आणले. "धर्मशिक्षणाच्या तासाला आमची मुलं काय करतील?" एवढंच विचारलं. त्या तासाला बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षण असतं, हे सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

अहवाल आता बिशप हाऊसमध्ये पोचला आहे. पुढच्या वर्षीच वर्ग सुरू होतील असा शब्द कुणी दिलेला नाही. सिस्टर्सच्या शाळेलाच एकेक वर्ग वाढवत नववी जोडता येईल का, हे आधी तपासायचं ठरलं आहे. वर्गखोल्या आणि प्रयोगशाळेला जागा पुरते का, यावर ते अवलंबून आहे. तोवर यादी दर जूनला नव्याने करणार आहोत, कारण मुलं एकेक इयत्ता पुढे सरकतात. वाघोडिया रोड, आजवा रोड भागातल्या ज्या घरांत पहिली ते पाचवीतलं मूल आहे आणि आम्ही पोचलो नाही, त्यांनी मिस्सेनंतर चर्चच्या ऑफिसातून फॉर्म घ्यावा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर तेही लिहा.