आमची वाटचाल : चेंबर खोलल्याशिवाय बोलायचं नाही

साताऱ्यात ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स खाली उतरवून, खोलून, परत बसवून तीच गाडी यवतेश्वरचा घाट चढवून दाखवणारं पहिलं खासगी गॅरेज आमचं. हे मान्य नसणारे गावात दोघे-तिघे आहेत. त्यातल्या एकाचा विषय पुढं येईलच.

मी पुण्यात नोकरीला होतो. तिथं मोठ्या गाड्यांचं काम यायचं, हात बसला. परत आलो तेव्हा साताऱ्यात ऑटोमॅटिक गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगलेवाल्यांच्या, मिलिटरीतून रिटायर झालेल्या साहेब लोकांच्या, बाकी डॉक्टर मंडळींच्या. एक झेन ऑटोमॅटिक यायची, तीनच गिअरची. मालकाला ते पटायचंच नाही. चौथा गिअर अडकलाय म्हणून बिचारा गॅरेजं पालथी घालून आमच्याकडं आला होता. एवढ्या गिऱ्हाइकावर पोट भरत नाही, म्हणून क्लचप्लेट, सस्पेन्शन, पडेल ते काम करत होतो.

पार्टनर मिळाले ते तात्या. वयानं बरेच मोठे, एमआयडीसीत टर्नर म्हणून उभी हयात गेलेली. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्यांच्या बोलण्यात मिलिमीटर नव्हताच, सगळं ‘थाऊ’त, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. ‘बुश दोन थाऊ खाल्लाय’ म्हणाले की मायक्रोमीटर लावायची गरज नसायची. मी तरी लावायचो, आणि तेवढंच निघायचं. भांडवल म्हणून त्यांनी पैसे आणले नाहीत, स्वतःचा लेथ आणला. बटाला बनावटीचा, सहा फुटी, जुना पण सरळ. त्या लेथवर आम्ही जे पुलर, जी ड्रिफ्टं (बेअरिंग ओढून काढायची, ठोकून बसवायची हत्यारं) बनवली ती आजही भिंतीवर टांगलेली आहेत. विकत घेतलेलं एकही त्यांच्या तोडीचं नाही.

वॉल्व्ह बॉडी म्हणजे गिअरबॉक्समधला ऑइलचं प्रेशर वाटून गिअर बदलणारा भाग. ती खोलताना टेबलावर काय असावं हे सांगतो, कारण खोलणारे फार झालेत आणि टेबल बघण्यासारखं कुणाचंच नाही. आमच्याकडं पहिल्यापासून एक आप्पेपात्र आहे. घरातूनच आणलेलं, अजून परत गेलेलं नाही. स्प्रिंगा आणि चेक बॉल (ऑइलची वाट अडवणाऱ्या बारीक गोळ्या) ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं त्याच्या खळग्यांत. दोन स्प्रिंगा दिसायला सारख्या असतात, ताण वेगळा असतो. अदलाबदल झाली की दुसरा गिअर आयुष्यभर झटका मारणार. बसवताना चेक बॉल जागेवर धरायला पेट्रोलियम जेली लावायची, ग्रीस नाही. जेली गरम ऑइलात विरघळते, ग्रीस तसंच राहतं आणि एखाद्या बारीक वाटेत जाऊन बसतं. पुसायला जुन्या बनियनची चिंधी घेणाऱ्याला आमच्याकडं दुसऱ्या दिवशी कामाला ठेवत नाहीत. एक धागा सोलेनॉइडच्या (ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेच्या वॉल्व्हच्या) जाळीत गेला की झालं. आणि बोल्ट आवळायला लहान टॉर्क रेंच. दहा-बारा न्यूटन मीटरचं काम असतं ते. हात कितीही तयार असू दे, अंदाजानं आवळलं की बॉडी किंचित वाकते, आतला वॉल्व्ह चिकटतो, आणि मग मिस्त्री सांगतो, ‘गाडीच जुनी झालीय.’

त्या काळात गॅरेज उभं राहिलं ते कोरेगावच्या डॉक्टर मॅडममुळं. त्यांची होंडा सिटी, २००९ची, पाच गिअरची ऑटोमॅटिक. डावा गुडघा गेलेला, क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिकशिवाय इलाज नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात एका ठिकाणचं कोटेशन होतं, अख्खा गिअरबॉक्स बदलायचं. म्हणाल्या, “मिस्त्री, रात्री डिलिव्हरीला निघाले आणि गाडीनं झटका दिला की पेशंटच्या आधी मलाच कळ येते. एवढी रक्कम घालू का नको, ते सांगा.” मी म्हटलं, “मॅडम, आधी ऑइल बघू. पैशाचं नंतर बोलू.”

ऑइल कॉफीसारखं काळपट. वास जळका नव्हता, ही जमेची बाजू. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकला. मधे काजळी उमटली, चमकणारा कण नव्हता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा, तोही रेशमासारखा बारीक. हे वयाचं आहे, रोगाचं नाही. चकाकत्या कपऱ्या निघाल्या असत्या तर मीच बॉक्स बदला म्हणालो असतो.

या गाडीचं ऑइल एका खेपेला सगळं निघत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा) आतच राहतं. समजा एकूण सहा लिटर आहे आणि प्लग काढल्यावर अडीच पडलं. म्हणजे साडेतीन जुनंच. म्हणून काढा, भरा, गाडी चालवून सगळे गिअर फिरवा, परत काढा. तीन खेपांनंतर जुनं पाचव्या हिश्श्यावर येतं. आम्ही तेच केलं, होंडाच्या डीडब्ल्यू-१ ऑइलनंच. शिवाय दोन प्रेशर स्विच बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि इंजिन धरणारं फाटलेलं माउंटिंग नवीन टाकलं. निम्मा झटका त्या माउंटिंगचाच होता. इंजिन उडी मारत होतं आणि शिव्या गिअरबॉक्सला बसत होत्या.

मॅडम तेव्हापासून आमच्या. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवलीय, त्यात किलोमीटर आणि काय बदललं ते त्यांच्या डॉक्टरी अक्षरात लिहितात. वाचता येत नाही, पण वही आहे. असं एक गिऱ्हाईक असलं की दहा जाहिराती नकोत.

२०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी आली आणि ‘ऑटोमॅटिक’ गल्लीबोळात झाली. आम्हाला वाटलं, आपले दिवस आले. प्रत्यक्षात डोकेदुखी आली. एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त ते हलवायला हाताऐवजी ॲक्च्युएटर. तिच्यात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) फ्लश करून द्या म्हणून लोक भांडायला लागले. सीव्हीटीमध्ये तर गिअरऐवजी पट्टा आणि पुल्या. तिच्यात साधं एटीएफ घातलं की पट्टा घसरून पुलीला ओरखडे. नाव एक, यंत्रं चार प्रकारची. हे समजावण्यात माझी अर्धी सकाळ जायची.

याच गोंधळात हायवेवर ते वर्कशॉप आलं. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन आणि ऑइल फ्लश करायचं मशीन. ‘एका तासात गिअर लोण्यासारखे.’ मशीनला माझा विरोध नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीला ते चालतं. पण वर्षानुवर्षं हात न लावलेल्या गाडीला, चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) न खोलता, फिल्टर न बघता ऑइल गार करणाऱ्या कूलरच्या लाइनला मशीन जोडलं की तळाचा गाळ उठतो आणि सरळ वॉल्व्ह बॉडीत जातो. त्यात यांचा ऑइलचा एकच ड्रम. टोयोटाला तेच, होंडाला तेच, ह्युंदाईला तेच. आमचा शिकवून तयार केलेला पोरगा त्यांनी दीडपट पगारावर नेला, तोच मला हे सांगायचा.

आणि मग २०१६चा पावसाळा. कराडकडचे एक ठेकेदार, त्यांची अल्टिस, चार गिअरची ऑटोमॅटिक. काही महिन्यांपूर्वी आम्हीच तिचं चेंबर उतरवून फिल्टर, पॅकिंग, ऑइल केलं होतं, टोयोटाचंच डब्ल्यूएस. गाडी घेऊन घरची मंडळी पाचगणीला गेली. सकाळी चावी मारली तर स्टार्टर गप्प. त्यांनी मला फोन केला. मी नेमका बामणोलीला, तिथं रेंजच नाही. मग त्यांनी हायवेवाल्याला बोलावलं.

त्याची माणसं जीप आणि दोर घेऊन आली. ऑटोमॅटिक गाडीला दोर! पसरणी घाट न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, ब्रेकला बूस्टर नाही, धो धो पाऊस. माणसं वाचली हे नशीब. पुढं वाई, सुरूर फाटा आणि तिथून साताऱ्याकडं हायवेनं, चांगल्या वेगात. पुढची चाकं जमिनीवर. ज्यांना गिअरबॉक्समधलं कळतं त्यांना आता पुढचं सांगायला नको. ऑइलचा पंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं मात्र आतली प्लॅनेटरी (गिअरच्या दातेरी चाकांचा संच) फिरवतायत. सगळं कोरडं. अशी गाडी न्यायची तर फ्लॅटबेडवर, नाहीतर पुढची चाकं उचलून.

स्टार्टर लागला तेव्हा गाडी हलेना. ठेकेदारांना सांगितलं गेलं, “साताऱ्याच्या मिस्त्रीनं जुन्या गाडीचं ऑइल बदललं, म्हणून बॉक्स गेला.” जो माणूस दिवसाला इतक्या गाड्या फ्लश करतो, तो म्हणतो ऑइल बदलल्यानं बॉक्स जातो! व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरलं, आमच्या बोर्डाच्या फोटोसकट. ज्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या गाड्यांवर आमचा महिना निघायचा तो गेला. दोन खांबी लिफ्टचा बँकेचा हप्ता डोक्यावर. पोरं दुपारपर्यंत कॅरम खेळत बसायची. मी नुसतं पंक्चर काढायचं दुकान करावं का, इथपर्यंत आलो होतो.

तेव्हा तात्यांनी लेथ विकला. मला न विचारता. टेम्पो येऊन उभा राहिला तेव्हा मला कळलं. त्या पैशात हप्ते भागले आणि गॅरेज राहिलं. आज टर्निंगचं काम बाहेर द्यावं लागतं, आणि आलेला प्रत्येक जॉब हातात घेऊन तात्या नाक मुरडतात. त्यांचं बरोबर असतं.

ठेकेदार शेवटी गाडी फ्लॅटबेडवर टाकून आमच्याकडं आले, नुकसानभरपाई मागायला, सोबत दोन धिप्पाड माणसं घेऊन. मी म्हटलं, “दादा, पैशाचं नंतर. बॉक्स तुमच्यासमोर खोलतो, तुम्ही इथं खुर्चीवर बसा.” बसले. चेंबर काढलं. ऑइलला रंग होता, फिल्टर आमचाच, चुंबकावर मात्र चमकता चुरा. पुढं खोलत गेलो. क्लचच्या प्लेटा एकेक करून टेबलावर मांडल्या, सगळ्या शाबूत, जळलेली एकही नाही. चुकीचं ऑइल असतं किंवा प्रेशर कमी असतं तर आधी याच जळल्या असत्या. मग प्लॅनेटरी काढली. नीडल बेअरिंगं निळी पडलेली, पिना चाटलेल्या, बुश धरलेला. तात्यांनी हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, “कोरडं पळवलंय.” सगळ्यात शेवटी न्यूट्रल स्विचच्या (दांडा ‘पी’ म्हणजे पार्किंग किंवा ‘एन’ म्हणजे न्यूट्रलला असला तरच स्टार्टर लागू देणारा) वायरचा कप्लर सोडवून दाखवला. आत पाणी, पिना हिरव्या. स्टार्टर न लागायचं कारण एवढंच.

ठेकेदारांनी सगळं बघितलं. “बरं, बघू,” म्हणाले. सुटे भाग पोत्यात भरले आणि गेले. पुढं कुठून तरी जुना बॉक्स घेऊन बसवला, आमच्याकडं नाही. आणि त्या ग्रुपवर ‘मिस्त्रीची चूक नव्हती’ एवढी एक ओळ त्यांनी आजतागायत टाकलेली नाही. लग्नकार्यात भेटले की हात करतात. मीही करतो.

नंतर मॅडमनी त्यांच्या ओळखीतल्या डॉक्टरांच्या गाड्या पाठवल्या, पुण्याचं काम यायला लागलं, आणि तिथून पुढची वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुण्याच्या गिऱ्हाइकाची एक तक्रार मात्र ठरलेली असायची. ‘साताऱ्याला येताना गाडी घसरते, परत जाताना नीट चालते.’ अहो, येताना खंबाटकीचा घाट चढून यायचात, जाताना बोगद्यानं जायचात. ऑइल तापलं की घसरते, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी कूलर बघायचा. रेडिएटरच्या आतला कूलर फुटला की पाणी आणि ऑइल एक होतं आणि डिपस्टिकवर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी काहीतरी लागतं. ते दिसलं की गाडी जागेवर बंद करा, घरापर्यंत नेऊ म्हणू नका. क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं, पाणी लागलं की सुटतं. घाटात ट्रॅफिक अडकलं तर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक कशाला दिलाय? उताराला ‘डी’ (नेहमी पुढं जायची जागा) सोडून खालचा गिअर घ्या. आणि चढावर लावताना आधी हँडब्रेक, मग ‘पी’. सगळा भार आतल्या एका दातावर टाकून वर खाडकन आवाज आला म्हणून आमच्याकडं येऊ नका.

डिपस्टिक बघायची रीतही गाडीगणिक वेगळी. होंडाचं ऑइल गाडी तापवून, इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं. टोयोटाचं इंजिन चालू ठेवून. नव्या गाड्यांना डिपस्टिकच नाही, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघून प्लगमधून पातळी धरावी लागते. ‘लाइफटाइम ऑइल’ असं शोरूममध्ये सांगितलं असेल तर कुणाच्या लाइफपर्यंत, तेही विचारून घ्या.

गाडी दाखवायची असेल तर आदल्या रात्री आणून लावा. सकाळी गार असताना पहिला स्टार्ट आम्हालाच मारू द्या, ‘डी’ किती वेळानं पकडते ते तेव्हाच कळतं. नंतर यवतेश्वरला एक फेरी, मालक शेजारी बसलेला हवा. रविवारी बंद. कासच्या सीझनमध्ये शनिवारीही घाटात गाडी काढत नाही, फुलं बघणाऱ्यांच्या गर्दीत ट्रायल होत नाही. आणि हायवेवरून फ्लश करून आलेली गाडी असेल तर ते आधी सांगा, चेंबर खोलायचे पैसे तेवढेच पडतील, पण पॅकिंग मी दोन मागवून ठेवीन.