पेंढा कोरडा, शेवाळ ओलं

काय काम करतेस असं कुणी विचारलं आणि मी "शेवाळ आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "शेवाळ आपोआप वाढतं, काड तर जाळूनच टाकतात. कच्चा माल फुकट. मग घोडं अडलंय कुठे?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

साखरेचं इथेनॉल करतं ते यीस्ट, आणि त्याला साधी साखर हवी असते. ती दिली की पुढचं ते बिनबोभाट करतं. पेंढ्यात साखर आहे, भरपूर आहे. वाळक्या पेंढ्याचा निम्म्याहून जास्त भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे साखरेच्याच लांबलचक साखळ्या. पण त्यांच्यावर लिग्निनचं लिंपण असतं. त्याच लिंपणामुळे रोप वाऱ्यात ताठ राहतं, आणि तेच आम्हाला खरवडायचं असतं.

पहिल्याच वर्षी मी मक्याच्या बुरकुंडांचा भुगा सौम्य सल्फ्युरिक आम्लात, दाबाखाली शिजवला. तपकिरी पाणी निघालं. साखर मोजली तर उत्तम. खुशीत यीस्ट घातलं. दुसऱ्या दिवशी फेस नाही, तिसऱ्या दिवशी एक बुडबुडा नाही. बूच काढलं तर कडू बदामासारखा वास. फरफ्युरल! आम्लात जास्त वेळ तापलं की साखरेतलं पाणी निघून ते तयार होतं आणि यीस्टला गारद करतं. साखर सोडवायच्या नादात मीच विष कालवलं होतं.

पुढच्या खेपेला ते विष काढायला चुना घालून सामू (pH) १० वर नेला, गाळलं, पुन्हा साडेपाचवर आणलं. सकाळी फ्लास्कवर छान फेस! दुपारपर्यंत तोही बसला. उरलेली साखर जिथल्या तिथे. ती होती झायलोज, पाच कार्बनची. साधं यीस्ट तिला तोंडही लावत नाही. जनुकं बदललेलं यीस्ट खातं, पण आधी ग्लुकोज संपवून, मग सावकाश.

सेल्युलोज तोडायला एन्झाइम, म्हणजे साखळ्या कापणारी प्रथिनं लागतात. ते देणारी बुरशी, ट्रायकोडर्मा रीसी, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली. अमेरिकन सैन्याचे सुती तंबू ती खात सुटली होती. सूत म्हणजे सेल्युलोजच की. आता तिच्याच वंशाकडून आम्ही काम करून घेतो. फक्त तिच्या एन्झाइमना ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गरमी लागते आणि यीस्टला ३० ते ३५ मानवते. एकाच भांड्यात दोघांना नांदवायचं तर कुणाला तरी कुरकुरत राहावं लागतं.

शेवाळाची तऱ्हा नेमकी उलटी. लिग्निन जवळपास नाहीच. क्लोरेलासारख्या सूक्ष्म शेवाळाच्या पेशीत स्टार्च साठतो. पेशी फोडा, स्टार्चची साखर करा, यीस्ट तयारच आहे. पण उघड्या तळ्यातल्या एक लिटर पाण्यात कोरडं शेवाळ असतं साधारण अर्धा ग्रॅम. एक किलोसाठी २,००० लिटर पाणी उपसायचं, गाळायचं, गरगर फिरवून शेवाळ वेगळं करायचं. त्या किलोत ४० टक्के स्टार्च धरला, तरी हिशेब बघा: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ९२ ग्रॅम इथेनॉल मिळतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड. म्हणजे हाती पाव किलोसुद्धा नाही. शिवाय नायट्रोजनचा पुरवठा तोडला की स्टार्च वाढतो, पण मग शेवाळाची वाढच थांबते. समुद्री शेवाळ मोठं, हाताने ओढून काढता येतं; पण तपकिरी जातींत अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ असतो, तोही लांब साखळ्यांचाच, आणि तो साध्या यीस्टला चालत नाही.

पुढे ऊर्ध्वपातन. आंबलेल्या पाण्यात चार टक्क्यांहून कमी इथेनॉल असेल तर वाफेचा खर्च अंगावर येतो. आणि कितीही उकळलं तरी ९५.६ टक्क्यांवर गाडी अडतेच. उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हने, म्हणजे पाण्याचे रेणू अडकवणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थाने, शोषून घ्यावं लागतं.

माझं मत विचाराल तर काडाचं जमेल. उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळलं की वाफ घरचीच. (सगळं काड उचलू नये मात्र, जमिनीलाही पोट आहे.) निव्वळ इथेनॉलसाठी शेवाळ वाढवणं मला पटत नाही. सांडपाणी शुद्ध करताना वाढलेलं असेल, किंवा आधी रंग आणि प्रथिनं काढून घेतली असतील, तर उरल्यासुरल्याचं जरूर करावं.

सध्या आंबवणीच्या भांड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मी नळीने शेवाळाच्या टाकीत सोडतेय. शेवाळ हिरवंगार झालंय. पाणी मात्र तेवढंच उपसावं लागतं.