इप मॅन ३ : मारामारीपेक्षा बायकोची गोष्ट भारी

२०१५ च्या इप मॅन ३ या हाँगकाँगच्या कुंग-फू पिक्चरबद्दल बोलताना बरेच जण माईक टायसनची तीन मिनिटांची फाईटच काढतात, आणि काहींचं म्हणणं की हिरोच्या बायकोच्या कॅन्सरचा भाग आला की पिक्चर स्लो होतो. मला हे अजिबात पटत नाही!! लिफ्टमधली फाईट आठवा ना, इप मॅन झालेला डॉनी येन एका हाताने बायकोला मागे ठेवतो आणि दुसऱ्याने थाई बॉक्सरचे वार अडवतो, तिला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही एवढंच त्याच्या डोक्यात. युएन वू-पिंगची अ‍ॅक्शन आहे, पण सगळं प्रेम त्यातच दिसतं. नंतर तो आजारी बायकोसाठी लढतीचं चॅलेंज सोडून देतो, तेव्हा तीच त्याच्यासाठी मॅच ठरवते. तिथे मी खरंच रडलो.