तुम्ही विचारलंत म्हणून : पाकटाच्या टाकीत मीठ किती?

ज्या मावशींकडून मी करंदी घेतो त्यांना माझ्या घरात दोन पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आहेत हे कळलं, तेव्हा त्या हसल्याच. "दादा, पाकट कुणी पाळतं का? जाळ्यात आला की आम्ही आधी शेपटीचा काटा मोडतो." मासे पाळणाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा असतो आणि ठरलेला असतो : पाण्यात मीठ किती घालता?

एरवी अजिबात घालत नाही. हे उत्तर कुणाला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मावशींच्या पाटीतला पाकट समुद्रातला. तो रक्तात भरपूर युरिया साठवून ठेवतो आणि त्या जोरावर खाऱ्या पाण्याशी बरोबरी साधतो. माझे मोटोरो जातीचे, गोड्या पाण्यातले, अ‍ॅमेझॉन, ओरिनोको, पाराना या नद्यांच्या खोऱ्यांतले. त्यांच्या पूर्वजांनी समुद्र सोडला त्याला कोट्यवधी वर्षं झाली आणि युरिया साठवायची सवय गेली ती कायमची. हे १९६७ पासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पाणी खारट करत नेलं तरी ती सवय परत येत नाही, आणि समुद्राच्या निम्म्या खारटपणातही हा प्राणी टिकत नाही. तेव्हा "शेवटी पाकटच ना, त्याला मीठ आवडणारच" हा तर्क सोडून द्या.

मग मिठाचा उपयोग काय? त्याचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत राहतं. ते लघवीवाटे बाहेर टाकायचं आणि गेलेले क्षार कल्ल्यांनी परत ओढून घ्यायचे, हे काम रात्रंदिवस चालू. आजारी किंवा नुकत्याच प्रवासातून आलेल्या माशाला थोड्या मिठाने या कामात आराम मिळतो. दुसरा उपयोग नायट्राइट (माशांच्या घाणीतल्या अमोनियापासून बनणारं विष) वाढलं असताना. नायट्राइट कल्ल्यांतून क्लोराइडच्याच वाटेने आत घुसतं आणि रक्त तपकिरी पडतं. मिठातलं क्लोराइड पाण्यात मुबलक असलं की त्या वाटेवर गर्दी होते आणि विष कमी शिरतं.

हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. एका रविवारी उत्साहाच्या भरात फिल्टरचा सगळा स्पंज थेट नळाखाली खळखळून धुतला. पालिकेचं पाणी क्लोरीन घालून येतं, आपण पितो म्हणून ते हवंच. पण स्पंजात राहणारे, अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू त्यात मेले. तिसऱ्या दिवशी दोघांनी करंदीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी धाकट्याच्या चकतीसारख्या अंगाची कड पापडासारखी वर वळली. पाकट पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो हे बघून. तपासणीची नळी जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट वाढलं होतं.

टाकी हजार लिटरची (म्हणून तर तळमजल्यावर राहतो, एक टन पाणी चौथ्या मजल्यावर ठेवलं असतं तर सोसायटीने मलाच बाहेर ठेवलं असतं). लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने एक किलो जाडं मीठ, बादलीत पूर्ण विरघळवून, दोन दिवसांत थोडं थोडं सोडलं. खडे तसेच टाकू नका, पाकट तळाशी पडून असतो, पोटाखाली खडा आला की कातडी भाजते. त्याच्या पोटाला खवले नाहीत. तांबं असलेली औषधंही याच्याजवळ आणू नका.

सगळे म्हणतात मिठाने वाचले. मला तसं वाटत नाही. दोनशे लिटरची दोन पिंपं रोज भरायची, क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालायचं, हवेचा पंप रात्रभर चालवायचा आणि सकाळी तेवढं जुनं पाणी काढून हे सोडायचं, असं मी अकरा दिवस केलं. त्यात जूनची पाणीकपात चालू होती, आईने धुणं तिच्या बहिणीकडे नेलं. मिठाने फक्त तेवढे दिवस मिळवून दिले.

दुकानात "रोज चिमूटभर मीठ टाका, पाणी बदलायची कटकट नको" असं सांगतात तेव्हा राग येतो तो यामुळे. मीठ अमोनिया खात नाही. पाकट भरपूर खातो, तितकीच घाण करतो, आणि ती घाण कुठे जात नाही.

मीठ घातलंच तर हिशोब ठेवा. तीस टक्के पाणी बदललं तर तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं, म्हणजे माझ्या टाकीत तीनशे ग्रॅम; आणि मासा बरा झाला की नुसतं गोडं पाणी घालत ते आपोआप उतरू द्यायचं. पण उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली जाते, तेव्हा वरून भरायच्या पाण्यात मीठ घालायचं नाही. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. निम्म्या लोकांच्या टाक्या इथेच नकळत खारट होतात.