शेकिंग रॉकची सावली: टोक सापडलं, पण ते वरून खाली उतरतंय

मंडळी, टोक सापडलं! ज्या सुळक्याच्या सावलीमागे मी पावसाळा संपल्यापासून लागलो आहे, तिचं टोक काल सकाळी पांढऱ्या कार्डावर स्वच्छ दिसलं. बोट ठेवून दाखवता येईल असं. आनंद एवढा झाला की मित्राच्या शेतावर पोहे गार होईपर्यंत मी कार्डासमोरून हललो नाही. फक्त ते टोक जिकडे जायला हवं होतं तिकडे जात नाही, आणि त्यामुळे सगळा आराखडा बदलावा लागणार आहे. म्हणून हा लांबलचक अपडेट.

नव्याने आलेल्यांसाठी दोन ओळी. 'मॅकेनाज गोल्ड' या हॉलिवूडपटातला शेवटचा सूर्योदय, ज्यात शेकिंग रॉक नावाच्या सुळक्याची सावली सोन्याची वाट दाखवते, तो मॉडेलवर उभा करायचा आणि त्या दृश्याबद्दल प्रेक्षक जे जे म्हणत आलेत ते ताडून बघायचं, असं हे काम आहे. चित्रपट १९६९ चा, दिग्दर्शक जे. ली थॉम्प्सन, ग्रेगरी पेक मार्शल मॅकेना आणि ओमर शरीफ कोलोरॅडो. अमेरिकेत तो चालला नाही. सोव्हिएत संघात मात्र १९७४ मध्ये लागला तेव्हा सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली, आणि आपल्याकडे तो वर्षानुवर्षं मॅटिनीला परत परत लागत राहिला. आपल्या आधीच्या पिढीत तो एकदाच पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मतांच्या वहीत या वेळी भर चांगली पडली. माझी आत्या म्हणते, "बाकी सगळं सोड, मॅकेना निघतो आणि खोगिराच्या पिशव्यांत सोनं भरलेलं असतं, तिथे पैसे वसूल." कोलोरॅडोवर तर सगळ्यांचंच प्रेम आहे. खलनायक असून तो मरू नये असं वाटायचं, हे वेगवेगळ्या गावच्या माणसांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. शेवटच्या भूकंपाबद्दल मतं दोन टोकांची आहेत. काहींना कोसळणारे कडे पाहून आजही धडकी भरते, तर मॉडेलवाल्यांना ती मिनिएचर आहेत हे लगेच कळतं आणि नेमकं तेच आवडतं. मी दुसऱ्या गटातला. त्या काळी हाताने उभे केलेले कडे हाताने पाडणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण वही सगळ्यात जास्त भरली आहे ती सावलीने. सूर्य उगवतो, सुळक्याची सावली दरीच्या तळावरून पुढे पुढे सरकत कड्यापाशी पोचते आणि सोन्याच्या दरीची वाट दाखवते. इथे प्रेक्षक तीन गोष्टींवर अडतात. आमच्या सोसायटीतले भूगोलाचे निवृत्त सर म्हणतात, "अरे, सकाळी सावली आखूड होत जाते, ही लांब कशी होते?" मामाचं म्हणणं, सावली एवढ्या वेगाने धावूच शकत नाही. आणि आपल्यातल्याच एकाने मागे विचारलं होतं की इतक्या लांबवर टोक असं अणकुचीदार राहील का.

आधी मामाचा मुद्दा, कारण तो कागदावरच सुटला. पडद्यावरचा शेकिंग रॉक म्हणजे ॲरिझोनातल्या कॅन्यन डी शेच्या दरीतला स्पायडर रॉक, उंची सुमारे २४० मीटर. (चित्रपटात सोनं अपाची लोकांचं आहे, पण ही दरी नावाहो लोकांची. त्यांच्या परंपरेत विणकाम शिकवणारी स्पायडर वुमन याच सुळक्यावर राहते, आणि दरीत आजही नावाहो कुटुंबं राहतात. मॉडेलखालच्या पाटीवर हे लिहायचं ठरवलं आहे.) जागा ३६ अक्षांशावर. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र सारखी असतात त्या दिवसाच्या) सुमारास सूर्य तिथे तासाला १२ अंशांच्या बेताने वर चढतो. सपाट जमीन धरली तर सूर्य क्षितिजापासून २ अंशांवर असताना सावली जवळजवळ सात किलोमीटर लांब पडते आणि तिचं टोक ताशी ४० किलोमीटरने पळतं. म्हणजे दौडणाऱ्या घोड्याइतकं! ५ अंशांवर तो वेग भराभर चालणाऱ्या माणसाइतका होतो आणि १० अंशांवर रेंगाळत चालणाऱ्याचा. मामाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे पिक्चर खरा?" वेगापुरता खरा, मामा. दिशा मात्र सर म्हणतात तीच. टोक पळतं ते सुळक्याकडे, सुळक्यापासून लांब नाही.

आता मूळ दुखणं. माझा पहिला सुळका १:५०० चा, म्हणजे ४८ सेंटिमीटर उंच, एक्सपीएस फोममध्ये (थर्मोकोलचा घट्ट प्रकार) हॉट वायरने, म्हणजे तापलेल्या तारेने, कापलेला. दोन शेंड्यांमधली खाच छान जमली आहे. त्यावर पातळ पीओपी, मग फेविकॉलच्या पाण्यात कालवलेला गेरू. वालुकाश्माला गेरूइतका जिवंत रंग कुठल्याच महागड्या बाटलीत मिळाला नाही, हे माझं ठाम मत आहे. वरून ओघळणारे काळपट पट्टे बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाच्या पातळ हाताने ओढले. (फोमवर थेट स्प्रे मारू नका, तो विरघळतो. आधी पीओपीचं कवच हवंच.) फोम पुण्यातल्या बोहरी आळीतून हाताने निवडून घेतला. त्याआधी ऑनलाइन मागवलेल्या शीट सगळ्या कोपऱ्यांत दबून आल्या होत्या. फोम बघून, दाबून घ्यायची वस्तू आहे.

घरात दिवा लावला की सावली बिघडते. टेबल-लॅम्पने ती धूसर होते. मोबाइलच्या टॉर्चने कडक पडते, पण दिवा जवळ असल्याने फाकत जाते आणि कड्यावर पोचेपर्यंत सुळक्याचा खांब होतो. सूर्याचं बिंब आपल्याला अर्ध्या अंशाहून किंचित मोठं दिसतं आणि त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. हे दोन्ही घरच्या दिव्यात एकत्र साधत नाही. मग वाटलं, खरा सूर्य फुकट आहे, मॉडेल गच्चीवर न्यावं. खऱ्या सूर्यात प्रमाण आपोआप राखलं जातं. मॉडेल कितीही लहान असो, सावलीची लांबी आणि तिची धूसर कड त्याच पटीत लहान होते.

गच्चीवर दोन अडचणी निघाल्या. पूर्वेला टॉवर, त्यामुळे सूर्य दिसतो तोच बराच वर आल्यावर. आणि गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार. शंभराला एक एवढाच, पण सूर्य ५ अंशांवर असताना साडेपाच मीटरच्या सावलीत तेवढ्याने सत्तर सेंटिमीटरचा फरक पडतो. प्लायखाली पाचरी मारून मी स्पिरिट लेव्हल बघत बसायचो आणि तोवर सूर्य डोक्यावर यायचा.

सुटका दोन गोष्टींनी झाली. एक, सासवडजवळ मित्राच्या शेतात नवं खळं झालं, कोबा केलेलं, पूर्वेला क्षितिजापर्यंत मोकळं. दुसरी, सुळका लहान केला. १:२००० ला तो फक्त १२ सेंटिमीटर होतो आणि आठ फुटी प्लायवर सूर्य ३ अंशांखाली असल्यापासूनचा खेळ मावतो. प्लाय लेव्हल केला, सुळका ओळंब्यात उभा केला, खाली पांढरा ड्रॉइंग पेपर ताणून चिकटवला आणि उजाडायची वाट बघितली.

सावली पडली, पण तिला टोकच नव्हतं! सुळक्याच्या बुडाशी गडद, मग फिकट, मग आणखी फिकट, आणि पुढे कागदच. पेन्सिलने टोक मांडायला गेलो की माझी खूण एकीकडे आणि मित्राची खूण हातभर दुसरीकडे. पुढचे कित्येक सूर्योदय असेच गेले. सुळक्याचा शेंडा काळा रंगवून पाहिला, कागद बदलून पाहिला, फोटो काढून कॉन्ट्रास्ट ताणून पाहिला. काही फरक नाही.

कारण पुन्हा त्या अर्ध्या अंशात आहे. बिंबाच्या वरच्या कडेचा प्रकाश शेंड्याची सावली जवळ पाडतो, खालच्या कडेचा लांब. मधला पट्टा म्हणजे उपच्छाया. सूर्य २.८ अंशांवर असताना हा पट्टा माझ्या प्लायवर जवळजवळ ४८ सेंटिमीटर लांब भरतो, कारण किरण जमिनीला इतके तिरपे लागतात की सगळं ताणलं जातं. खऱ्या दरीत हेच ९०० मीटरच्या वर जाईल. म्हणजे कोलोरॅडो आणि मंडळी ज्या टोकामागे घोडे फेकतात ते टोक सपाट जमिनीवर डोळ्यांना दिसणारच नाही. अणकुचीदार टोकाची शंका काढणाऱ्या आपल्या मित्राला माझा सलाम.

काल काय केलं, तर सुळक्यापासून ५० सेंटिमीटरवर, म्हणजे खऱ्या मापात एक किलोमीटरवर, कार्ड उभं केलं. कडा म्हणून. उभ्या पृष्ठावर किरण जवळजवळ काटकोनात येतात, त्यामुळे धूसर पट्टा ताणला जात नाही, पाच मिलिमीटरच्या आतच राहतो. आणि टोक आलं. दोन्ही शेंडे वेगळे, मधल्या खाचेसकट. मी पेन्सिलने खूण केली, मित्राने केली, दोन्ही खुणा एकावर एक.

मग ते टोक उतरू लागलं. मिनिटाला सुमारे दोन मिलिमीटर, कार्डाच्या वरच्या भागातून खाली खाली. ५ अंशांना ते साडेसात सेंटिमीटर उंचीवर, १० अंशांना तीन सेंटिमीटरच्या आसपास, आणि सूर्योदयापासून तासाभरात पायथ्याशी. पडद्यावर जे दिसतं ते याच्या बरोबर उलट आहे. जमिनीवरून पुढे सरकत कड्याला भिडणारी सावली ही संध्याकाळची चाल आहे. मावळतीला टोक जमिनीवर लांबत जातं, समोरच्या कड्याला लागतं आणि वर चढतं. सरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता संध्याकाळचाही घे, शेजारी शेजारी लाव." घेणार आहे, सर.

पहिला विचार होता की मॉडेलमध्ये दिवा उलटा फिरवावा, म्हणजे प्रेक्षकांच्या आठवणीतलं दृश्य जसंच्या तसं दिसेल. तो विचार हे लिहितालिहिता सोडला. खरी पहाट जास्त देखणी आहे. विचार करा, आख्खा कडा उन्हात लाल पेटला आहे, त्याच्यावर दोन शेंड्यांची सावली वरून खाली उतरते आहे, आणि एका क्षणी खाच नेमकी सोन्याच्या दरीत शिरायच्या कपारीच्या तोंडावर येऊन बसते. जमिनीवर धावायची गरजच नाही. ज्याला वाट शोधायची त्याने कड्याकडे बघावं. कपार आता पायथ्याशी न कोरता तीन सेंटिमीटर उंचीवर कोरणार, म्हणजे दहा अंशांच्या सूर्याला ती सापडेल.

यातून दिवसाचा प्रश्नही उभा राहतो. त्या अक्षांशावर सूर्योदयाची जागा वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांपर्यंत सरकते. एक किलोमीटरवरच्या कड्यावर याचा अर्थ शेकडो मीटर इकडे-तिकडे. पहाटेची वेळ सांगून भागत नाही, तिथी लागते. मी विषुवदिन धरला आहे. कुणाला दुसरी तारीख पटत असेल तर कारणासकट सांगा, कड्याचं कोरीवकाम सुरू व्हायच्या आत.

आणखी एक पेच आहे. प्रत्यक्षात स्पायडर रॉक दरीच्या तळातून उभा आहे आणि भोवतालचे कडे त्याच्याहून उंच, तीनशे मीटरच्या आसपास. म्हणजे कोवळं ऊन सुळक्यावर येण्याआधी पूर्वेचा कडाच त्याला झाकतो. मॉडेलमध्ये पूर्वेच्या कड्याला खिंड पाडावी लागेल, आणि ती कुठे व किती रुंद हे आधी कार्डबोर्डवर ठरवेन.

मोठा १:५०० सुळका आता वेगळा मांडणार, रंगकामाचा नमुना म्हणून. पूर्ण दरी १:२००० लाच. तिथे कडे १५ सेंटिमीटरचे होतात आणि सगळं एका प्रकाशझोतात बसतं, त्यामुळे घरातल्या दिव्याचाही मार्ग दिसतो आहे. ओव्हरहेड प्रोजेक्टरमधलं फ्रेनेल भिंग (गोल खाचांचं सपाट, पातळ भिंग) घ्यायचं, त्याच्या नाभीवर, म्हणजे समांतर किरण जिथे एकवटतात तिथे, तीन मिलिमीटरचं भोक पाडलेला पुठ्ठा आणि त्यामागे एलईडी ठेवायचा. भिंगाचं नाभीय अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर तीन मिलिमीटरचं भोक जवळजवळ सूर्यबिंबाएवढंच दिसतं, आणि किरणही समांतर निघतात. एलईडी तपकीर गल्लीतून आणून ठेवला आहे, वॉर्म व्हाइट. दिव्याच्या कमानीला मायक्रोवेव्हच्या थाळीची जुनी मोटर लावणार होतो, पण ती फार भरभर फिरते. सध्या हाताने फिरवायची दोरी बरी वाटते, बघणाऱ्यालाच पहाट करता येईल.

तेव्हा ज्यांच्या शाळेत, क्लासमध्ये किंवा माळ्यावर जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर पडून असेल त्यांनी कळवा. ओरखडे चालतील, फक्त भिंगाला तडा नको.